प्रमाणपत्राआधी कामाची ओळख

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणांपुढे आज पदव्या, पदविका आणि प्रमाणपत्रांची मोठी दाटी झाली आहे. तीतून निवड करताना सर्वांत नावाजलेली परीक्षा कोणती, हेच प्रथम विचारले जाते. खरे तर ती परीक्षा कोणत्या देशाच्या कायद्यावर आणि कोणत्या कामावर बेतलेली आहे, हे आधी पाहायला हवे. पदवी विद्यापीठ देते आणि ती आयुष्यभर टिकते. व्यावसायिक प्रमाणपत्र व्यवसायातील संस्था परीक्षा घेऊन देते आणि बहुधा त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. अमेरिकेतील ‘पीएचआर’ हे प्रमाणपत्र दर ३ वर्षांनी नूतनीकृत करावे लागते, त्यामुळे धारकाचा अभ्यास शिळा होत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र त्याचा पाया अमेरिकी कामगार कायद्याचा आहे, म्हणूनच ते देणाऱ्या संस्थेने इतर देशांतील उमेदवारांसाठी ‘पीएचआरआय’ ही वेगळी परीक्षा ठेवली आहे.

भारतातील कारखान्यात या भेदाला फार वजन आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्याची अर्हता ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. पुढे व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. कामगारांच्या भल्यासाठी नेमलेल्या या पदाला परदेशी परीक्षेचे नाव पुरत नाही, तेथे शासनमान्य अर्हताच लागते. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करणारी परळची श्रम विज्ञान संस्था असे शिक्षण देत आली आहे, हे अनेक उमेदवारांच्या गावीही नसते, याची खंत वाटते.

कामाची खरी कसोटी मात्र हिशेबाच्या कागदावर लागते. १० वर्षे नोकरी केलेल्या आणि अखेरचे मासिक वेतन २६,००० रुपये असलेल्या कामगाराचे उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, काढताना वेतनाला ३० ने नव्हे तर २६ ने भागायचे असते. त्यानुसार नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी मिळणारे १५ दिवसांचे वेतन १५,००० आणि १० वर्षांचे एकूण १,५०,००० रुपये होतात. ३० ने भागल्यास त्या कामगाराच्या कुटुंबाचे २०,००० रुपये बुडतात. बहुराष्ट्रीय कंपनीत भरती आणि प्रशिक्षण पाहणाऱ्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र निश्चित उपयोगी पडते. कारखान्याच्या फाटकाआत काम करू इच्छिणाऱ्याने मात्र परीक्षेचे शुल्क भरण्याआधी राज्याचे कल्याण अधिकारी नियम आणि नोकरीच्या जाहिरातीतील अर्हतेची अट शेजारी ठेवून वाचावी.