छापलेल्या पानातला मजकूर सोडवताना

नेसरी परिसरातला दिवाळी अंक, वार्षिकांक किंवा स्मरणिका उघडली की 'खिंड' हा शब्द कुठे ना कुठे भेटतोच. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथेच, आणि इथला लिहिता माणूस त्या दिवसाकडे पुन्हा पुन्हा वळतो. पण अंकाची पीडीएफ उघडून शोधचौकटीत 'खिंड' टाइप केलं, तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. शब्द डोळ्यांना दिसतो, यंत्राला दिसत नाही. असे अंक फोनवर वाचता येतील असे करण्याचं काम मी करतो, आणि पहिली अडचण हीच.

कारण फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. छपाईचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चोख केलं, पण आतला साठा इंग्रजी अक्षरांचाच राहिला. शिवाय तुकड्यांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा. 'खिंड'मधली वेलांटी आधी, ख नंतर. युनिकोड या आजच्या अक्षरसंकेतात उच्चाराप्रमाणे ख आधी आणि वेलांटी नंतर. 'स्थिती'त तर वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावं लागतं. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारा, घाईत लिहिलेला परिवर्तक तिला अर्ध्या स आणि थ यांच्या मध्येच सोडतो. 'मर्यादा'मधला रफार जुन्या फॉन्टात 'या'च्याही नंतर येतो, तो उचलून य च्या आधी ठेवायचा. आणि 'वाऱ्यावर', 'दऱ्या' या शब्दांतला र वेगळाच. युनिकोडने त्यासाठी नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर ठेवलं आहे. ते चुकलं की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून परिवर्तक चालवून झाल्यावर मी पूर्ण लेख मोठ्याने वाचतो. डोळा चुकीच्या शब्दावरून पुढे सरकतो, जीभ मात्र अडते.

अक्षरं जागेवर आली तरी लेख जागेवर येत नाही. पीडीएफला परिच्छेद माहीत नसतो. कुठलं अक्षर पानावर कुठे ठेवायचं, एवढंच तिला बहुधा ठाऊक असतं. दोन रकाने असतील तर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला चिकटते. चौकटीतला मजकूर, जाहिरातीतला दुकानाचा पत्ता, 'पान ४७ वर पुढे चालू' हे सगळं एकाच प्रवाहात येतं. ते वेगळं करायला लेख समजून घ्यावा लागतो, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात प्रिय आहे.

पुढचं काम खुणांचं. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन ही खुणांची पद्धत मांडली. ॲरन स्वार्ट्झ यांची तीत मदत होती. शीर्षकाआधी हॅश, अवतरणाआधी बाणाचं टोक, ठळक शब्दाभोवती तारे, बाकी सगळा साधा मजकूर. अशी फाइल कुठल्याही यंत्रावर उघडते. बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये पॅनडॉक आणलं. ते याच फाइलमधून ईपब काढतं, वेबपान काढतं, वर्डची फाइलही काढतं.

मराठी मजकूर या खुणांत घालताना मात्र सावध राहावं लागतं. अभंगाच्या चार ओळी तशाच ठेवल्या तर मार्कडाउन त्या जोडून एक परिच्छेद करतं. पुष्कळ जण दंडाऐवजी कळफलकावरची उभी रेघ टाइप करतात, आणि पॅनडॉकमध्ये ओळीच्या सुरुवातीची उभी रेघ ही स्वतःच एक खूण आहे. मी आधी दंड दंडासारखे करतो, मग ती खूण मुद्दाम वापरून ओळी सुट्या ठेवतो. इंग्रजी '1.' ने सुरू होणारी ओळ यादी ठरते, '१.' ने सुरू होणारी ठरत नाही. म्हणून याद्यांचे आकडे तपासून बदलावे लागतात. तिरप्या अक्षरांचा मी वापरच करत नाही. देवनागरी नुसती कलती केली की ती पडल्यासारखी दिसते. आपल्या छपाईत जोर द्यायला ठळक टाइप आणि पुस्तकाच्या नावाला एकेरी अवतरण चालत आलं आहे, तेच बरं.

फाइलच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याची नोंद मी कधी विसरत नाही. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले; मुक्तासारख्या फॉन्टांत ते आहेतही. पण भाषेची नोंद नसेल, तर त्याच फॉन्टातून हिंदी वळणाचा ल समोर येतो.

हे सगळं कोणासाठी, तर गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची जी माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, त्यांची मुलं-नातवंडं गावचा अंक लोकलमध्ये फोनवर वाचतात त्यांच्यासाठी. पीडीएफचं पान बोटांनी ताणायचं, ओळ संपली की सरकवायचं, पुन्हा मागे आणायचं; दोन पानांत माणूस कंटाळतो. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप पडद्यात मावते. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींची दृष्टी गेली आहे. ते फोनकडून अंक वाचून घेतात. शीर्षकाला शीर्षकाची खूण असेल तर बोट फिरवून ते एका लेखावरून दुसऱ्यावर जातात. नुसतीच जाड अक्षरं केली असतील तर फोनला त्यातलं काही कळत नाही. "कविता कुठं संपली ते कळलं बघ या वेळी," असं त्यांनी एकदा सांगितलं, तेव्हापासून मी कडव्यांमधली जागा डोळ्यांत तेल घालून तपासतो.

अलीकडे मी संपादकांना विनंती करतो की लेख डीटीपीला जाण्याआधीच मला द्या. आता बरेच लेखक फोनवर टाइप करतात, म्हणजे मजकूर मुळात युनिकोडच असतो. पान लावताना तो जुन्या फॉन्टात जातो, आणि मी तो पुन्हा मागे आणत बसतो. एका अंकाने या वर्षी मूळ फाइली दिल्या आणि वेलांट्यांचं काम जवळजवळ संपलं. फक्त मुद्रितशोधनातल्या दुरुस्त्या लावलेल्या पानांवरच झालेल्या होत्या. त्या मूळ फाइलमध्ये आणायला पान आणि मजकूर शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून वाचण्यावाचून दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही.