ऊर्फ

माँट्रियलला मुलाकडे राहावयास गेले, त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंशी माझी ओळख झाली. त्या मूळच्या अमेरिकेतील लोवेल गावच्या, निवृत्त शिक्षिका. माहेरचे आडनाव ग्रीनवुड. आपण इंग्रजच असणार, असे त्यांना लहानपणी वाटे. पण आजी जपमाळ ओढताना पुटपुटे ती फ्रेंचमध्ये. या विसंगतीचा उलगडा करावा म्हणून त्या उतारवयात इकडे आल्या होत्या. दृष्टी अधू झालेली. मोडी दफ्तरे वाचण्यात माझी उमेद गेलेली आणि फ्रेंच कामापुरते येत होते. म्हणून अभिलेखागारात मी त्यांच्या सोबतीस जाऊ लागले.

ग्रीनवुडचा उलगडा लवकर झाला. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख माणसे क्वेबेक सोडून दक्षिणेस गेली. त्यांतली पुष्कळशी न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे लब्लां होते ते व्हाइट झाले, आणि ब्वाव्हेर, म्हणजे हिरवे रान, ते ग्रीनवुड. मात्र ब्वाव्हेरच्या मागे जाऊ लागलो तसा धागा तुटला. एका चर्चच्या नोंदवहीत तोच माणूस दनव्हेर, दुसरीत 'दनव्हेर दी ब्वाव्हेर'.

हा 'दी' म्हणजे आपला 'ऊर्फ'. फ्रान्सच्या सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत, व्हादबाँकर म्हणजे आनंदाने चालणारा. १६६५ साली कारिन्याँ-सालियेर पलटणीबरोबर अशी नावे नदीकाठी उतरली. सुमारे चारशे शिपाई तिथेच राहिले आणि शेतकरी झाले. पुढे एका मुलाने बापाचे आडनाव लावले, दुसऱ्याने ऊर्फ. सख्ख्या भावांची दोन घराणी झाली. आनंदाने चालणाऱ्या त्या शिपायाच्या नातवंडांना काही पिढ्यांनी नावाचा अर्थ विचारला असता तर ती गोंधळली असती.

मग आम्ही शोधायचे कसे? उत्तर बायकांनी दिले. त्या नोंदवह्यांत स्त्री जन्मतःच्या नावानेच लिहिलेली असते, मुलाच्या बाप्तिस्म्याला आणि स्वतःच्या दफनालाही. विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या आयांची नावे, तीही माहेरच्या आडनावांसह. नवरा ऊर्फाआड लपला तरी बायको जागच्या जागी सापडते. आम्ही तिचा हात धरून एकेक पायरी मागे गेलो आणि अखेर १६६३ ते १६७३ च्या दरम्यान राजाने हुंडा देऊन पाठवलेल्या सुमारे आठशे मुलींपैकी एकीपाशी पोचलो. बाईंनी भिंग खाली ठेवले आणि कितीतरी वेळ त्या नावाकडे पाहत राहिल्या.

यात स्त्रीचा मान होता, असे मी म्हणणार नाही. नाव तिचे, पण सत्ता नवऱ्याची; विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे व्यवहार करण्याचा पुरता अधिकार क्वेबेकच्या कायद्याने १९६४ साली दिला. व्यवहारात तिला अमक्याची मादाम म्हणूनच हाक मारीत. १९८१ पासून मात्र कायद्याच्या दृष्टीने पतीपत्नी जन्मनावच वापरतात. माझ्या सुनेचा विवाह इथलाच. तिच्या कागदपत्रांवर तिच्या वडिलांचे आडनाव पाहून मी प्रथम बुचकळ्यात पडले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्या संध्याकाळी कॉफी पिताना बाईंनी सहज विचारले, "तुमच्या आजीचे नाव काय?"

"लक्ष्मी."

"हे जन्माचे?"

नव्हे. ते तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले. आमच्या कुलवृत्तान्तात आजोबांच्या नावापुढे 'भार्या लक्ष्मी' एवढेच छापले आहे. त्याआधीची नऊ-दहा वर्षे तिला काय हाक मारीत, कोणी लिहून ठेवलेले नाही. लग्नानंतर माझेही नाव बदलले; पण ते निदान मला ठाऊक आहे.

साताऱ्याच्या चुलतभावाला मी पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले: आत्याला नक्की माहीत असते. आत्या २०११ मध्ये गेली.