मेबलच्या घरात

रात्रभर खपून फुटलेली पाण्याची लाइन दुरुस्त केल्यावर निक सकाळी घरी येतो, तो कामावरच्या सगळ्या गड्यांना सोबत घेऊनच. त्याची बायको मेबल सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते. दाटीवाटीने बसलेल्या एकेकाला कौतुकाने नाव विचारते. एक जण ऑपेरातलं गाणं म्हणू लागतो, तेव्हा त्याच्या अगदी तोंडाशी जाऊन ऐकते. दुसऱ्याला नाचायला उठवू पाहते. तिचा आनंद थोडा हाताबाहेर जातो. किती, ते कुणाला मोजून सांगता यायचं नाही. पण निक तिच्यावर खेकसतो आणि भरलेलं टेबल एकदम गप्प होतं.

जॉन कॅसाव्हेटिसचा 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) मी पुन्हा पुन्हा पाहते ती या प्रसंगासाठी. मेबल आजारी आहे, हे खरंच. पण त्या सकाळी तिने नेमकं काय वावगं केलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

हॉलिवूडच्या स्टुडिओंनी दिग्दर्शकांच्या हाती पैसा आणि मोकळीक दिली, तो हा काळ. कपोला, ऑल्टमन, स्कॉर्सेसी यांचे तेव्हाचे चित्रपट आपण आजही आवडीने पाहतो. कॅसाव्हेटिस मात्र त्या औदार्याच्याही बाहेर राहिला. त्याने या चित्रपटासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. निक झालेल्या पीटर फॉकने 'कोलंबो' मालिकेच्या कमाईतले पाच लाख डॉलर यात घातले. मेबलची भूमिका कॅसाव्हेटिसच्या बायकोची, जीना रोलंड्सची. पडद्यावरच्या सासूच्या भूमिकेत तिची खरीखुरी सासू आणि आईच्या भूमिकेत तिची खरी आई. चित्रपट पुरा झाल्यावर वितरक मिळेना, तेव्हा थिएटरवाल्यांशी बोलणीही कॅसाव्हेटिसनेच केली. पुढे दिग्दर्शन आणि अभिनय या दोन्हींसाठी ऑस्करची नामांकनं मिळाली. जीनाला ते पारितोषिक मिळालं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

घरच्याच माणसांनी मिळून केलेल्या या कामात घराला जराही सांभाळून घेतलेलं नाही. निकचं मेबलवर प्रेम आहे, याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. तिला इस्पितळात धाडलं जातं आणि सहा महिन्यांनी ती परतते, तेव्हा तो तिला बाजूला घेऊन सांगतो, तू तुझ्यासारखीच वाग. आणि हाच निक तिच्या स्वागताला गावभरची माणसं जमवून बसलेला असतो. शेवटी त्याची आई त्यांना पावसात घरी पाठवते. राहिलेल्या नातेवाइकांसमोर मेबल बिचारी हात आवरून, शब्द तोलून बसते. तिला मोकळी हो म्हणणारा आणि तिच्या मोकळेपणाने हादरणारा माणूस एकच आहे. निक तिच्या कलाने घेईल तर चार लोकांत खाली पाहावं लागेल. लोकांच्या कलाने घेईल तर ती मिटून जाईल. त्याला दोन्ही हवं असतं आणि ते जमलं नाही की त्याचा हात उठतो.

कॅसाव्हेटिसचा कॅमेरा अशा वेळी तिथून हलत नाही. दुसऱ्या कुणी जिथे प्रसंग तोडला असता, तिथे तो आणखी कितीतरी वेळ थांबतो. बसल्या जागी आपणही त्या नातेवाइकांसारखे चुळबुळ करू लागतो, हिने आता गप्प बसावं असं वाटू लागतं. हे वाटणं मला फार लागलं. मेबलला इस्पितळात धाडणाऱ्यांनाही असंच वाटलेलं असतं.

शेवटाकडे मेबल हाताला जखम करून घेते, निक तिला मारतो. मुलं आईला वाचवायला धावतात. निक त्यांना ओढत वरच्या मजल्यावर नेतो, ती जिना उतरून पुन्हा खाली येतात. तो पुन्हा नेतो, ती पुन्हा येतात. डॉक्टर, सासू, आई-वडील, नवरा, सगळ्यांनी तिला पारखून पाहिलेलं असतं. मुलं सरळ तिला जाऊन बिलगतात.