कुपीतली अळी

आमची पुतणी इंदापूर तालुक्यातील एका शाळेत पाचवीत शिकते. शाळेची सहल पुण्याच्या कृषि महाविद्यालयातील कीटकसंग्रह पाहावयास निघाली, तेव्हा सोबतीस एखादे वडीलधारे माणूस हवे म्हणून धाकट्या बंधूंनी आमचे नाव पुढे केले. आम्ही बारामतीस इंग्रजीचे अध्यापक. ब्लेक कवीची माशीवरील कविता सोडली तर किड्यांशी आमचा संबंध तो काय? परंतु पुतणीचा हट्ट मोडवेना. भल्या पहाटे भिगवणला आम्ही मुलांच्या गाडीत चढलो.

दालनात डांबरगोळ्यांचा वास कोंदला होता. काचेच्या पेट्यांत टाचणीने टोचलेली फुलपाखरे, भुंगेरे, नाकतोडे. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत लॅटिन नाव. मुलांची झुंबड मोठ्या पतंगांच्या पेटीभोवती. (आम्हांसही तीच आवडली, हे कबूल केले पाहिजे.) पुतणी मात्र कोपऱ्यातील उसाच्या किडींच्या कुप्यांपाशी अडली.

"काका, आजोबा सांगतात तो लोकरी मावा हाच का?"

तोच. नीरेच्या डाव्या कालव्याने आमचा मुलूख उसाचा केला, आणि २००२ साली महाराष्ट्राच्या उसावर हा मावा आला. पानाखाली पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर बसे. मावा रस शोषी, त्याच्या अंगातून गळणारा गोड चिकटा खालच्या पानांवर पडे आणि त्यावर काळी बुरशी धरे. त्याची लागण पुढे आमच्याही रानात पोहोचली. रानातून बाहेर पडावे तो सदरा पांढरा झालेला. चार बुके शिकलेला मुलगा म्हणून घरात आमच्या शब्दास वजन होते. आम्ही औषध फवारण्याचा सल्ला दिला. वडील म्हणाले, "माव्यात दुसरी एक अळी दिसते. ती त्यालाच खाते असं वाटतं. चार दिवस पाहू." आम्ही हसलो. किडा तो किडा, असेही म्हणालो. दुसऱ्याच दिवशी पंप पाठीवर चढले.

ती अळी शेजारच्या कुपीत होती. मळकट, बोटाच्या पेराहून लहान. चिठ्ठीवर नाव डिफा. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या की ही माव्यातच सैल जाळे करून राहते व त्याचा फडशा पाडते. त्या दिवसांत शेतकरी अशा अळ्या असलेली पाने तोडून दुसऱ्याच्या उसात नेऊन सोडीत. मायक्रोमस नावाचा दुसराही एक मित्र होता. विषारी फवारा मात्र शत्रुमित्र ओळखत नाही.

परतताना गाडीत पुतणी वहीत अळी काढीत होती.

"आपल्या उसात ही होती?"

"होती."

"मग?"

"आम्ही मारली."

तिने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा पेन्सिल हाती घेतली. आम्हांस भिगवणला उतरावयाचे होते, उतरलो नाही. घरी वडील ओसरीवर बसले होते. पुतणीने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा चढविला, चित्र बराच वेळ न्याहाळले.

"हीच. पण जराशी लांबट होती," ते म्हणाले, आणि पेन्सिल मागितली.