पोट भरल्यावरची भूक

पोट भरल्यानंतरही माणूस खात राहिला की दोष जिभेच्या हावेला दिला जातो. हा निवाडा घाईचा आणि अन्यायाचाही आहे. अतिखाण्याची मुळे शरीरात असतात तशी मनातही असतात, आणि वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ती रुजत जातात.

अतिखाणे किती बाधेल, हे काही अंशी जन्माआधीच ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडमधली ३.५ किलोची होती. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या भारतीयालाही जास्तीचे खाणे लवकर बाधते, त्याचे एक कारण इथे सापडते.

तान्ह्या मुलाला आपली भूक बरोबर कळते. पोट भरले की ते तोंड फिरवते. मग चिऊ-काऊच्या नावाने आणखी चार घास भरवले जातात. रडले की हातात बिस्किट, शहाण्यासारखे वागले की पेढा. दुःख झाले की खायचे, ही सवय बोलता येण्याआधीच लागते.

पुढे आग्रह येतो, आणि खानदेशात तो जोरकस असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात खापरावरचे मांडे आणि आमरस वाढताना तिचे ‘पुरे’ कोणी मनावर घेत नाही. हिवाळ्यात जळगावकडे शेतात भरिताचा बेत ठरतो. बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सढळ हाताने तेल. सोबत कळण्याची भाकरी. या अन्नाला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्वारी-उडदाची भाकरी चावूनच खावी लागते. बिघडते ते वेळेमुळे आणि वेगामुळे. रात्री भरीत आहे म्हणून दुपारचे जेवण टाळलेले असते, पंगत उशिरा बसते आणि गप्पांच्या नादात हात थांबत नाही. तृप्तीचा निरोप पोटातून आणि आतड्यांतून मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा तोवर गरजेपेक्षा जास्त खाऊन बसलेला असतो.

हा निरोप संप्रेरके नेतात. चरबीतून निघणाऱ्या आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये लागला, तर जठरातून निघून भूक चेतवणाऱ्या घ्रेलिनचा १९९९ मध्ये. शिकागोत २००४ साली १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्याला सकाळी घरी आल्यावर तळलेले किंवा गोड हवेसे वाटते, ते हावेने नव्हे, जागरणाने.

उपासमारही अतिखाण्याला जन्म देते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. बंधन उठल्यावर त्यांतले काही जण अफाट खात सुटले आणि तरीही भुकेलेच राहिले. कडक डाएटनंतर सुटणारा ताबा याच जातीचा आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ताटात घास टाकवत नाही, हेही समजून घ्यायला हवे.

सर्वांत दुर्लक्षित आहे ती घरातली बाई. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसते, तोवर भूक मरून गेलेली किंवा खवळलेली असते. वर उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवते. दिवसभर कोणी विचारपूस केलेली नसते. रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शेवेचा डबा उघडला जातो. घटकाभर बरे वाटते, मग लाज वाटते, आणि ती लाज दाबायला पुन्हा डब्याकडे हात जातो.

सुटकेची वाट पोटाची भूक आणि मनाची भूक वेगळ्या ओळखण्यातून जाते. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि भाकरी-चटणीनेही भागते. मनाची एकदम उसळते आणि तिला ठरावीकच पदार्थ हवा असतो. खाण्याआधी वेळ, भूक किती आणि मनात काय चालले होते एवढे वहीत लिहिले, तरी काही आठवड्यांत आपली नेमकी ठिकाणे दिसू लागतात. एकाला ती भांडणानंतर सापडतात, दुसऱ्याला जागरणात, तिसऱ्याला रिकाम्या संध्याकाळी. जेवण वेळेवर घेणे आणि कोणतेही न टाळणे हा उपचाराचा पाया आहे. चरकसंहितेने पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक पातळ पदार्थांसाठी आणि एक वात-पित्त-कफांसाठी मोकळा ठेवायला सांगितले. हा हिशेब आजही उपयोगाचा आहे. घरच्यांनी मात्र टोमणे मारू नयेत आणि ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात वाढू नये.

ताबा वारंवार सुटत असेल, लपून खाल्ले जात असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. तो बोलण्याच्या उपचाराने आटोक्यात येतो, गरजेप्रमाणे औषधेही असतात. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणे जड वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, तेही मराठीतून.