थंडी, डिझेल आणि आमचा म्हातारा ट्रॅक्टर

बेळगावची थंडी म्हटली की पाहुण्यांना धुके, मफलर आणि कुंदा आठवतो. लडाखकडचा माणूस मात्र आमच्या थंडीला हसेल. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटेचा पारा साधारण १२-१४ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी आणखी थोडा खाली. पाणी गोठण्याची गोष्टच नको. पण निपाणीच्या आसपास, वेदगंगेच्या काठी ज्यांचे मळे आहेत आणि ज्यांच्या दारात चाळिशीला टेकलेला ट्रॅक्टर उभा आहे, त्यांना एकदा विचारून पाहा. एवढ्याशा गारठ्यानेही ते लोखंडी जनावर असे रुसते की, सासरी आलेला जावई परवडला!

ते का रुसते, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरला १८९३ साली आपल्या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो, डिझेलला तो लागत नाही. सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबली की ती ५०० अंशांच्या पुढे तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणजे सगळा खेळ उष्णतेचा. रात्रभर गारठलेले लोखंड ही उष्णता शोषून घेते, ऑइल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीचाही जोर उतरतो. त्यात रिंगा झिजलेल्या असल्या तर दाबलेली हवा बाजूने पळते. मग धुराड्यातून नुसता पांढरा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल, अर्थात आपलेच पैसे!

अतिथंड प्रदेशात तर डिझेलमधले मेणच थिजते. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले. आमच्याकडे तशी वेळ येत नाही. आमचा उपाय म्हणजे आजोबांपासून चालत आलेली शिस्त.

ती अशी. संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर, तोंड खाली करून लावायचा आणि चाकाला दगडाची ओट द्यायची. इंजिनावर पोते टाकायचे. पहाटे रेडिएटरमधले गार पाणी सोडून गरम पाणी भरायचे. उकळते मात्र नाही, नाहीतर बिडाला तडा जातो. पाइपात हवा धरली असेल तर नट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत ती काढायची. मग सेल्फ मारून बघायचा. सेल्फने नुसतेच ‘टक्’ केले की हँडल घ्यायचे. दाब सोडणारी कळ उचलायची, हँडल गरगरा फिरवायचे आणि वेग आला की कळ खाली टाकायची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मुठीत अडकलेल्या अंगठ्यासकट मनगट मोडते.

इतके करूनही नाही जमले, तर पलीकडच्या मळ्यातले कन्नड काका आपला ट्रॅक्टर घेऊन येतात आणि त्यांच्या बॅटरीला केबल जोडून आमचा सुरू होतो. ‘थंडि भाळ ऐति, गडबड माडब्याड,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. थंडी आणि गडबड हे दोन्ही शब्द त्यांचेही आणि आमचेही. मी मराठी शाळेत शिकलो, पण माझे निम्मे कन्नड या केबलीच्या टोकाशी उभे राहूनच पक्के झाले.

हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. टोळी पहाटेच फडात उतरते. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितके वजन घटते, साखरही उतरते. त्यामुळे ट्रॉली वेळेवर हलली पाहिजे. म्हणूनच आमचे अण्णा वर्षानुवर्षे पहाटे साडेचारला हँडल मारत आले.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत दुखले. बेळगावला नेले, उपचार झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, ‘गारठ्यात एकदम जोर लावायचा नाही.’ दिवाळी झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला. चुलते म्हणाले, ‘मोडीत घाल आता.’ आई म्हणाली, ‘इकून टाका, पर त्या हँडलाला हात लावू नगा.’ अण्णा काहीच बोलले नाहीत. ज्या ट्रॅक्टरने थोरलीचे लग्न केले आणि माझी फी भरली, त्याबद्दल काय बोलायचे?

मी वही घेतली. घटत्या बाकीच्या पद्धतीने घसारा काढला, तर मालमत्तेची किंमत कधीच शून्य होत नाही, हे आम्हाला वर्गात शिकवले आहे. तरी आमच्या ट्रॅक्टरची वहीतली किंमत शून्याला घासून गेली होती. दुसऱ्या बाजूला खर्च मांडला: नवी बॅटरी ७,००० रुपये, सेल्फची दुरुस्ती ६,०००, जाड केबल १,५००, नोझलची तपासणी २,५००, एकूण १७,००० रुपये. आमच्या उसाला एका हंगामात लागणारे ट्रॅक्टरचे भाडे याहून जास्त होते. हिशेब ट्रॅक्टरच्या बाजूने लागला.

पण एक रकाना मी मुद्दाम वेगळा आखला: ‘हँडल कोण मारणार?’ त्याखाली लिहिले, ‘कोणीही नाही.’ सेल्फ लागला नाही तर उतार आहे, उतारही चुकला तर काका आहेत. तेही नसले तर टोळी तासभर थांबेल. उसाच्या वजनात घट येईल ती सोसू. वही अण्णांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. मग उठून हँडल आणले, माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘माळ्यावर टाक.’

सुट्टीच्या दिवशी आता ट्रॅक्टर मी सुरू करतो, कॉलेज असले की चुलते. जानेवारीतल्या एका धुकट पहाटे तिसऱ्या सेल्फला इंजिनाने खोकून धूर सोडला आणि लय धरली. अण्णा घोंगडे पांघरून ओट्यावर चहा पीत होते. तिथूनच ओरडले, ‘लगेच रेस करू नको, तापू दे जरा!’

जुनी मालमत्ता ठेवावी की मोडावी, याची सूत्रे आमच्या पुस्तकात आहेत. ती खोटी नाहीत. पण शेतकऱ्याच्या वहीत मालकाचा जीव हा पहिला रकाना असावा, एवढी दुरुस्ती त्यांत मला सुचवावीशी वाटते.