बारा पावले

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेहून पत्र आले. मनुष्य व्यवसायाने संगणक-अभियंता, वास्तव्य व्हर्जिनियात, आणि त्याच्या घराण्यात आजवर कोणी बंदुकीला हात लावला असेल असे मला वाटत नाही. असे असून त्याला चाळिशीत रानटर्कीच्या शिकारीचा नाद लागला आहे. तो लिहितो, की वसंतात नर टर्की पहाटे झाडावरून साद घालतो, आणि ती ऐकून मादीने त्याच्याकडे जावे असा त्या पक्ष्यांचा रिवाज. शिकारी बुंध्याला पाठ टेकून बसतो, लाकडाच्या लहानशा पेटीवर मादीचा आवाज काढतो, आणि त्या नराने रिवाज मोडून आपल्याकडे यावे म्हणून वाट पाहतो. शिकविणारा कोणी नाही. दोन वसंत गेले, अजून पीसही हाती लागलेले नाही. पत्राच्या शेवटी त्याने विचारले आहे, "सर, एकट्याने शिकार शिकता येते का? शेक्सपिअर शिकविणाऱ्याला हा प्रश्न विचारणे वेडेपणाचे आहे, पण विचारतो."

त्या पत्राला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. उत्तर ठाऊक नाही म्हणून नव्हे. एकट्याने शिकार शिकता येते. मी शिकलो होतो. ही गोष्ट माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही.

आमचे गाव आटपाडी आणि माण या दोन तालुक्यांच्या शिवेजवळचे. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि पुढे त्याचे सांगली हे नाव पडले. तरी माझे आजोबा अखेरपर्यंत स्वतःला सातारा जिल्ह्याचेच म्हणवीत. गावाला दोन्ही जिल्ह्यांनी सारखेच विसरलेले असल्यामुळे त्यांच्या म्हणण्याने कोणाचे काही बिघडत नसे. चहूकडे माळ, त्यावर कुसळी गवत, तरवड, बोरी, मधूनच एखादा हिवर. पाऊस इतका बेताचा, की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणजे लोक ते पाहावयास जात. माझे वडील तेथील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, आणि गुरुजींचा मुलगा म्हणून मला सर्वांच्या मुलांत खेळण्याची मुभा असली तरी सर्वांच्या मुलांसारखे वागण्याची नव्हती. मला वाटते, म्हणूनच मी एकटा हिंडू लागलो.

१९८२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सातवीत होतो. एका धनगराच्या पोराला माझ्या कंपासपेटीतील कर्कटक देऊन मी गलोल मिळविली आणि तित्तर मारावयाचा असे मनाशी ठरविले. तित्तरच का, हे आता सांगता येणार नाही. तो रोज पहाटे ओरडून सर्व माळाला जागे करी आणि दिसत मात्र नसे, हेच बहुधा कारण असावे. वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालीच झाला होता. पण आमच्या माळापर्यंत त्याची वार्ता पोचलेली नव्हती. शाळेच्या कपाटात शिकारीवरचे एक जुने इंग्रजी पुस्तक होते. शब्दकोश घेऊन मी त्याची पाच-सहा पाने मोठ्या कष्टाने वाचली. त्यातल्या साहेबापाशी दोन कुत्री, वीस हाकारे आणि न्याहारीची पेटी घेऊन मागून चालणारा खानसामा होता. ते पुस्तक मी मिटून ठेवले. इंग्रजी वाङ्मयाने मला व्यवहारात दगा देण्याचा तो पहिला प्रसंग.

पहिले आठ दिवस मी आवाजाच्या मागे धावलो. 'कतीतर्, तीतर्' अशी साद समोरच्या बोरीतून आली की वाकून तिकडे जावे, तो ती साद डावीकडच्या बांधामागून यावी. तित्तराला पंख आहेत खरे, पण ते वापरणे त्याला कमीपणाचे वाटते. होईल तोवर तो पायांनीच पळतो. अगदी पायाखाली येईपर्यंत दबून राहतो आणि मग एकदम असा भर्रकन उडतो, की मारणाऱ्याच्याच छातीत धडकी भरावी. माझा सदरा पांढरा होता, हे ध्यानात यावयास मला तीन दिवस लागले. गवतावर दव असते तोवर पाय वाजत नाहीत, आणि ऊन चढले की प्रत्येक काडी चुगली करते, हे समजावयास आणखी दोन. एका हिवराखाली विष्ठेचे पांढरे ठिपके दिसले, त्यावरून रात्री ते काटेरी झाडात वस्तीला असतात हे मी ताडले. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे विद्यापीठाची पदवी घेतानाही झाला नाही.

नवव्या दिवशी मी धावणे सोडले. हिवरापासून काही अंतरावर तरवडात अंधारातच जाऊन बसलो. बसल्यावर जे दिसले ते धावताना कधीच दिसले नव्हते. तित्तर खाली उतरतो तो एकदम उतरत नाही. आधी मान लांब करून चारी दिशा पाहून घेतो. चरताना एक चरतो आणि दुसरा डोके वर ठेवतो. वाळवीचे वारूळ त्याला आपल्याला जिलेबीचे दुकान असावे तसे. आणि एक नर ओरडला की दुसऱ्याला गप्प राहवत नाही. पायाच्या मागच्या काट्यांनी त्याला फाडावयास तो तरातरा येतो. मी तोंडाने साद काढून पाहू लागलो. दोन दिवस माळ मला हसला. तिसऱ्या दिवशी लांबून एकाने उत्तर दिले. पण चाळीस पावलांच्या आत काही तो आला नाही.

त्यानंतरची सकाळ. ओढ्याकडच्या उतरणीवर वारुळापाशी एक तित्तर एकटाच चरत होता. मी पोटावर सरपटत निघालो. तीस पावले, वीस पावले. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वाळवी टिपू लागला. पंधरा पावले. माझे काळीज इतके वाजत होते, की त्यालाही ऐकू जात असेल असे वाटले. पण तो हलला नाही. आपल्याला विद्या आली, या बारा दिवसांत आपण माळाचाच एक भाग होऊन गेलो, असे मला त्या क्षणी वाटले. इतका शुद्ध अभिमान मला पुन्हा कधी झालेला नाही. बारा पावलांवरून मी खडा सोडला.

धावत जाऊन उचलला तेव्हा तो ऊन होता. त्याच्या उजव्या पायात तांबड्या दोऱ्याचा वेढा होता.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण माळावर गेले असेल त्यांना तो दोरा समजला असेल. ओढ्यापलीकडे त्या वर्षी फासेपारध्यांची तीन पाले उतरली होती. त्यांच्यापैकी पुष्कळजण तित्तर पाळतात. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. त्याची साद ऐकून रानातला नर भांडावयास येतो आणि फाशात सापडतो. एरवी हा पाळलेला पक्षी कुत्र्यासारखा धन्याच्या मागे हिंडतो, आणि सकाळी वाळवी खावयाला त्याला मोकळा सोडतात. माणूस पाहून तो पळत नाही. बारा पावलांपर्यंत मला माझ्या विद्येने नेले नव्हते.

तेवढ्यात वरच्या अंगाने साद आली. ती पक्ष्याची नव्हती. माणसाची होती, पण मी काढी तशी कच्ची नव्हे. तित्तर हातात घेऊन मी ओढ्याच्या दरडीखाली दडलो. तो मनुष्य उतरणीवरून हळूहळू येत होता. चार पावले चालायचा, थांबायचा, साद घालायचा, ऐकायचा. सूर्य चांगला वर येईपर्यंत तो त्या टापूत फिरत राहिला. मी वाळूत हातांनी खड्डा केला आणि पक्षी पुरला. मग करावयास काही उरले नाही, म्हणून ऐकत बसलो.

दुपारी तो आमच्या दारात आला. उंबऱ्यापासून दूर, अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "गुरुजी, माझं पाखरू कुणी बघितलं का? पायात तांबडा दोरा हाय." वडील माणूस चांगला; त्यांनी त्याला हाकलले नाही. आत वळून मला विचारले, "काय रे, सकाळी माळाकडे गेला होतास ना? दिसला का याचा तित्तर?"

मी म्हणालो, "नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. गलोल माझ्या गळ्यात होती. ती काढून ठेवण्याचे भान मला राहिले नव्हते. त्याची दृष्टी गलोलीवर काही क्षण थांबली, मग माझ्या तोंडावर आली. "बरं, बाळ," एवढे म्हणून तो गेला. इंग्रजी अमदानीत ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांपैकी त्याची एक. १९५२ साली तो शिक्का कायद्यातून गेला. गावातून गेला नव्हता. गुरुजींच्या मुलाने खोटे सांगितले, असे पारध्याने म्हटले असते तर ते कोण ऐकणार होते, याचा हिशेब त्याने तेवढ्या क्षणात केला असावा. मला तो हिशेब करावयास पुष्कळ वर्षे लागली. चार दिवसांनी पाले हलली.

पुढे महाविद्यालयात सालिम अलींचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचले. त्यांनीही लहानपणी हवेच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथे मिलर्ड साहेबांनी तो पक्षी ओळखून दिला, आणि त्या चिमणीतून एक थोर पक्षिशास्त्रज्ञ निघाला. मला त्या पुस्तकाचा हेवा वाटला. त्यांनी आपला पक्षी दाखविला. मी माझा वाळूत पुरला होता. त्यानंतर फासेपारध्यांविषयी मिळेल ते मी वाचीत असे. फाशात सापडलेली हरणाची पाडसे आणि गाभण माद्या ते परंपरेने सोडून देत, अशी नोंद माधव गाडगीळ यांनी केली आहे. शिकारीला नियम असतो, आणि तो दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत शिकावा लागतो, हे मी असे छापील पानांवरून शिकलो.

गेल्या पौषात गावी गेलो होतो. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी आता या भागात आले आहे, आणि माझ्या हिवराच्या जागी डाळिंबाची बाग आहे. लोकांचे बरे झाले. त्याविषयी हळहळण्याचा अधिकार महिन्याच्या महिन्याला वेतन घेणाऱ्याला नाही. ओढ्याकडची उतरण मात्र अजून पडीक आहे. पहाटे मफलर गुंडाळून मी तेथे गेलो. गुडघे आता कुरकुरतात. तरवडात बसावयासच मला बराच वेळ लागला.

उजाडू लागल्यावर मी साद घातली. ती माझी लहानपणची कच्ची साद नव्हे. दरडीखाली दडून सकाळभर जी ऐकली होती ती. चार पावले, थांबणे, साद, ऐकणे. दुसरी मला येत नाही. तिसऱ्या सादेला बांधापलीकडून उत्तर आले. मग गवताची टोके हलू लागली, आणि एक नर मान ताठ करून उघड्यावर आला. अंतर मोजण्याची खोड गेलेली नाही. साठ, पन्नास, चाळीस. पस्तिसांवर तो थांबला. एक पाय उचलून धरला होता. त्यात दोरा नव्हता. मी श्वास रोखून बसलो होतो, पण थंडीने माझा हात किंचित कापला असावा. तो वळला आणि पायांनीच पळत बांधाआड गेला.